समुद्र लांब ठेवणारी लेन्स

यंदाचे सुके बोंबील बोईसरच्या बाजारात आले. माझ्या दुकानासमोर बायका टोपल्या मांडून बसल्या आहेत, त्यामुळे दार उघडलं की आधी वास आत येतो आणि मग गिऱ्हाईक. परवा कारखान्यातला एक कामगार डोळे तपासायला खुर्चीत बसला होता. नाक मुरडून म्हणाला, "मॅडम, ये कैसी बास है?" मी म्हटलं, "मौसम है." तो हसला. मला काही हसू आलं नाही. नजर आपोआप कपाटाच्या खालच्या खणाकडे गेली. तिथे एका घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांवर माझी लेन्स ठेवलेली आहे. आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत भिंगाला आतून बुरशी धरते, म्हणून महिन्यातून एकदा मी तिला उन्हात धरते. तिच्यातून बघत मात्र नाही. दोन वर्षं झाली त्याला.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलते आणि कुठली बरी ते विचारते. ज्या बाईचा हाच धंदा, तिला स्वतःसाठी एक लेन्स निवडायला अख्खा हिवाळा लागला, यावर शरदने मला भरपूर छळून घेतलं. शरद माझा शाळेपासूनचा मित्र, पालघरला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट. मला माणसांचे फोटो काढायला आवडत नाहीत. दिवसभर माणसांच्या डोळ्यांत डोळे घालून झालेले असतात. मला मोकळी जागा हवी असते. खाजण, माळ, खडक, आभाळ. त्यासाठी रुंद कोनाची लेन्स लागते, आणि शरदकडे तसल्या दोन झूम लेन्स विकायला आल्या होत्या. "दोन्ही ने," तो म्हणाला. "हंगामभर वापर. एक ठेव, एक परत कर. तिसरी मात्र मागू नकोस."

एक चौदा ते चोवीसची. जड, आणि पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली. तिच्यावर संरक्षणाची दुसरी काच बसत नाही. दुसरी सोळा ते पस्तीसची, हलकी, पुढून सपाट. हे आकडे जितके लहान, तितकं जास्त जग आत मावतं. पण मावतं ते फुकट मावत नाही. पायाजवळचा दगड खडकाएवढा होतो, आणि लांबचा डोंगर ढेकळाएवढा. जवळचं अंगावर येतं, लांबचं पळून जातं. कडेला जे असेल ते ताणलं जातं. मला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असणं माझं पोटापाण्याचं काम आहे.

पहिली चाचणी मासवणला सूर्या नदीवर घेतली. सकाळचं धुकं होतं, पाणी हलत नव्हतं, काठावर चिटपाखरू नव्हतं. चौदावर ठेवून सहा फोटो काढले आणि घरी येऊन पडद्यावर मोठे केले. डाव्या कडेला एक बाई उभी होती. डोक्यावर गवताचा भारा, एक हात वर. काचेने तिला इतकं ओढलं होतं की तो हात कोपरापासून पुढे संपतच नव्हता. ती तिथे असणारच, गवत घेऊन घरी निघालेली कुणीतरी. पण मी तिथे तासभर उभी होते आणि ती मला दिसली नव्हती. सहाही फोटोंत ती होती, त्याच जागी, माझ्याकडे तोंड करून. मी ती लेन्स दुसऱ्या दिवशी शरदला परत देणार होते. मग स्वतःचीच लाज वाटली आणि ठेवून घेतली.

समुद्रावर जायचं ठरलं ते हिरामावशींमुळे. तारापूरच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी त्यांची वस्ती. सून कविता त्यांना माझ्याकडे घेऊन आली होती, कारण जाळ्याच्या सुईत दोरा जाईना. नंबर काढला, चष्मा दिला. घालून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बाय, तू तर म्हातारी हायेस की! मला वाटलं लगीन व्हायचंय." कविता लाजेने अर्धी झाली. मी मात्र त्याच क्षणी त्यांच्या प्रेमात पडले. बोंबील लागले की खळ्यावर ये, असं आवतण देऊन त्या गेल्या.

खळं म्हणजे मासळी वाळवायचं त्यांचं अंगण. घरापुढे बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणलेल्या, आणि दोऱ्यांवर बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. ना खिळा, ना गाठ. मावशींचे हात हे न बघता करत. त्या हिवाळ्यात मी दर आठ-दहा दिवसांनी, दुकान बंद असलेल्या दिवशी तिथे जात होते. दुपारी बारा-साडेबाराला तिथे अशी शांतता असते की कानात दडे बसल्यासारखं होतं. गडी होडीवर, पोरं शाळेत, कुत्री सावलीला. आणि डोळ्यांसमोर हजारो उघडी तोंडं, सगळी एकमेकांना चावून लटकलेली. रुंद लेन्स घेऊन त्यांच्या खाली बसलं की पहिल्या रांगेतली तोंडं माझ्या डोक्याएवढी होत, आणि वारा आला की सगळी मिळून थोडी हलत. लांब दक्षिणेला वीजकेंद्राचे घुमट, फोटोत साबुदाण्याच्या दाण्याएवढे.

मावशी समुद्राला समुद्र म्हणत नसत. "तो." तो आज उशिरा येल. तो काल रागात हुता. पुनवेच्या आसपास दुपारी पूर्ण भरती असते. तेव्हा तो खळ्याच्या कुंपणापासून अठ्ठावीस पावलांवर थांबे. मावशींची पावलं, माझी नव्हेत. त्या रोज मोजत आणि आकडा कधीच मोठ्याने म्हणत नसत. मला तो कविताने सांगितला, तोही कुजबुजून.

अमावास्येला एकदा संध्याकाळपर्यंत थांबले. पाणी खूप मागे गेलं, काळे खडक उघडे पडले, आणि ओल्या वाळूत दगडांचं एक गोल कडं वर आलं. विहीर. हिरामावशींच्या सासूबाईंच्या वेळची, गोड्या पाण्याची. त्यांचं पहिलं घर तिथे होतं. नंतर एक घर अलीकडे झालं, तेही गेलं, हे तिसरं. घरात नवी सून आली की तिला ओहोटीला इथे आणतात आणि तांब्याभर गोडं पाणी विहिरीत ओतायला लावतात. कविताने ओतलं होतं. "आत बघायचं नाय," मावशी मला म्हणाल्या. "का?" तर म्हणाल्या, "आत काय नाय. वाळू हाय. पन बघायचं नाय." मी कडेने वळसा घेऊन फोटो काढले. फोटोत विहिरीचं तोंड रुंदावलं होतं आणि कविता कडेला ताणली जाऊन पाण्याकडे झुकलेली दिसत होती. ती ताठ उभी होती. मी शपथेवर सांगते, ती ताठ उभी होती.

तेव्हा मला मजा वाटत होती, हे कबूल करते. भीतीची एक बारीक शिरशिरी आणि तिच्यात मिसळलेला कलाकाराचा माज, असं ते मिश्रण होतं. शरदला फोटो पाठवायचे आणि त्याने फक्त "बापरे" लिहायचं. सपाट काचेची सोळा-पस्तीस मला आवडायला लागली होती. खारे तुषार उडाले तरी पुसून मोकळी. निवड जवळजवळ झालीच होती.

एका संध्याकाळी सगळे फोटो तारखेप्रमाणे लावून बघत होते. उभं राहायची जागा मी ठरवून ठेवली होती, कपडे धुवायच्या दगडाशेजारी, आकडा सोळा, चौकट तीच. पहिल्या फोटोत उजवीकडे सुरूची पाच झाडं. दुसऱ्यात पाच. तिसऱ्यात चार. मी पुन्हा मोजली. पाचव्याच्या जागी खड्डाही नव्हता, सपाट ओली वाळू होती. पुढच्या खेपेला कविताला विचारलं, झाड कधी पडलं? ती म्हणाली, "कुठलं झाड?" मी फोटो दाखवले. तिने बराच वेळ बघितलं, मग सासू ऐकत नाही ना ते पाहिलं. रोज ती त्याच वाटेने पाण्याला जात होती. पडल्याचा आवाज कुणीही ऐकला नव्हता.

ते बघूनच कविताने अर्जाचं मनावर घेतलं असावं. उत्तरेकडून दगडांचा बंधारा बांधत आणत होते. तो कुठवर आणायचा ते ठरायचं होतं. वस्तीतल्या ज्या घरांना धोका, त्यांनी अर्ज करायचा, सोबत जागेचा फोटो जोडायचा. कविता म्हणाली, "ताई, तुमी एवढे फोटू काढता, आमाला एक द्या ना." मी उत्साहाने हो म्हटलं. माझ्या छंदाचा कुणाला उपयोग होतोय, या विचाराने मला किती बरं वाटलं ते आता आठवलं की अंगावर काटा येतो.

पुनवेची दुपार निवडली. भरती पूर्ण होती. आधी रुंद लेन्सने काढला: खाली बसून, डावीकडे घराचा कोपरा, मधे बोंबलांच्या रांगा दूरवर निमुळत्या होत गेलेल्या, वर पसरलेलं फिकं आभाळ. सुंदर. मग सहज माझी जुनी लांब पल्ल्याची लेन्स लावली आणि घराच्या मागच्या गल्लीत जाऊन उभी राहिले. मावशींच्या घराचं मागचं दार आणि पुढचं दार एका रेषेत होतं. गल्लीतून बघितलं की अंधाऱ्या घरातून आरपार पुढचं दार दिसे. लांबची लेन्स रुंद लेन्सच्या उलट करते, अंतर खाऊन टाकते. डोळा लावला आणि मी दचकून मागे सरले. पुढच्या दारात समुद्र उभा होता. उंबऱ्यापासून चौकटीच्या अर्ध्यापर्यंत नुसतं करडं पाणी, आणि ते वर-खाली होत होतं, दम लागल्यासारखं. कॅमेरा खाली केला. घर, अंधार, उजेडाचा चौकोन, लांब कुठेतरी पाणी. पुन्हा डोळा लावला. तो दारातच होता. एकच फोटो काढला आणि आत जाऊन पाणी मागितलं.

दोन्ही फोटो छापून नेले. ओटीवर ठेवले. कविताने दारातला उचलला. "हाच," ती म्हणाली. "अर्जाला हाच पायजे, ताई."

मावशींनी चष्मा लावला, फोटो बघितला आणि पालथा घातला. "हा घरातून भाईर जायाचा नाय."

"आये, सायबाला कळाया नको?"

"दारात पानी असलेला फोटू आपन आपल्या हातानं द्यायचा? बोलावल्यासारखं व्हतं ते. तो ऐकतो." मग त्यांनी रुंद लेन्सचा फोटो समोर धरला. चेहरा हळूहळू सैल पडला. त्यात त्यांचं खळं मैदानाएवढं झालं होतं, आणि पार मागे, बोंबलांच्या पलीकडे, समुद्र दोऱ्याएवढा. "बघ, किती लांब ठेवलाय हिनं त्याला. हाच द्यायचा."

कविता माझ्याकडे वळली. "ताई, तुमी सांगा. तुमाला कळतं त्यातलं."

मला कळतं त्यातलं. अठ्ठावीस पावलं मला ठाऊक होती. झाडं ठाऊक होती. रुंद काच लांबच्या वस्तूला कुठे नेऊन टाकते, हे तर मी झोपेतही सांगीन. सांगायला दोन वाक्यं पुरली असती: मावशी, तो फोटो दिला तर साहेबांना वाटेल समुद्र लांब आहे. आणि मी म्हणाले, "हा फोटो जास्त चांगला आलाय."

खोटं नव्हतं ते. तो फोटो खरंच जास्त चांगला होता. माझ्या नव्या लेन्सचा, माझा आजवरचा सर्वांत चांगला फोटो. तो कुठेतरी जावा, कुणीतरी बघावा, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. मावशींची भीती मी पुढे केली आणि तिच्याआड माझी हौस भागवून घेतली. हे मी शरदलाही सांगितलेलं नाही. संध्याकाळी मी पालघरला जाऊन चौदा-चोवीस परत केली. "ठरलं एकदाचं," म्हणाले. त्याने चहा मागवला.

पाहणीला कुणी आलं नाही. फोटोंवरूनच ठरलं. कविता कार्यालयात गेली तेव्हा टेबलामागच्या साहेबांनी तो फोटो हातात घेऊन विचारलं, "समुद्र कुठंय यात?" तिने बोट ठेवलं. "एवढा लांब? मग कसली घाई आहे तुम्हाला?" वर म्हणाले, "फोटो मात्र झकास आहे." हे तिने मला फोनवर सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला आणखीनच ऐकवेना. बंधारा शेजाऱ्याच्या भिंतीशी संपला.

फोन ठेवला आणि मी कॉम्प्युटर उघडला. दारातला फोटो शोधला, पुसला. पुसलेल्यांच्या पेटीत जाऊन तिथूनही पुसला. कार्डावरून, साठवणीच्या डिस्कवरून, सगळीकडून. छापलेला मावशींनी त्याच दिवशी चुलीत घातला होता. जगात तो फोटो उरला नाही, म्हणजे दुसरा पर्याय होता हेही उरलं नाही, असा काहीतरी हिशेब मी मांडला असेन. भर दुपारी, दुकानात, पंख्याखाली बसून हे केलं.

आषाढातल्या उधाणात खळं गेलं. एकाच भरतीत नाही. तीन दिवस थोडं थोडं, आणि चौथ्या दिवशी घराची पुढची भिंत. माणसं आधीच बाहेर पडली होती, भांडीकुंडी वाचली. मी आठवड्याने गेले. शेजाऱ्याच्या घरापुढे बंधाऱ्याचे दगड जागच्या जागी होते. त्यांच्यानंतर लगेच काहीच नव्हतं. लाटा आत येत होत्या, जिथे चूल होती तिथपर्यंत, आणि आवाज न करता परत जात होत्या. मी अठ्ठावीस पावलं मोजू लागले, आणि कुठून सुरुवात करायची तेच सापडेना.

आता ती मंडळी उमरोळीला राहतात. स्टेशनपासून आत, शेताकडेला दोन खोल्या. कविता बोईसरला कामाला येते. मावशी बाजारातून ओले बोंबील आणवून खिडकीच्या गजांना बांधलेल्या दोरीवर वाळत घालतात, दहा-बारा जोड्या. भिंतीवर माझा फोटो, चौकट करून लावलेला. शेजारच्या बायका येतात, म्हणतात, केवढं मोठं अंगण होतं हो तुमचं! मावशी मान हलवतात. "लई मोटं. ह्या टोकाचं मानूस त्या टोकाला दिसायचं नाय." मला माहीत आहे ते खळं केवढं होतं. पण हल्ली मलाही आठवायला गेलं की फोटोतलंच आठवतं, आणि त्यात चालायला लागलं की समुद्र येतच नाही.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा मी ठरवून गेले होते. चहा झाला आणि म्हणाले, "मावशी, तो फोटो मी द्यायला नको होता. दुसरा द्यायला हवा होता. मला माहीत होतं."

मला वाटलं आता बोलतील, शिव्या देतील, आणि मी मोकळी होईन. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"दुसरा हाय तुज्याकडं?" त्यांनी विचारलं. "तो दे मला. हितं तो दिसत नाय, बाय. वारा आला तरी आवाज नाय. ह्यात बघाया गेलं तर दोऱ्याएवढा. हा नको. दारात आलेला हुता ना, तो दे."

कविता दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"शोधून देते," मी म्हणाले.

मावशींच्या जुन्या घरामागच्या गल्लीत मी परत जाऊन आले. जुनी लांबची लेन्स लावली, पूर्वीच्याच जागी उभी राहिले, डोळा लावला. समुद्र आला, कडेपासून कडेपर्यंत, करडा. पण पुढे दार नव्हतं, मागे दार नव्हतं, उंबरा नव्हता. नुसत्या पाण्याकडे बघून तो जवळ आहे की लांब, हे कुणालाही सांगता येणार नाही. मी बटण दाबलं नाही.

त्यानंतर तीनदा उमरोळीला गेले. मी आत आले की मावशी आधी माझ्या पिशवीकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मी म्हणते, शोधतेय.